लाल टोपीची सिरिंज

"बंड्याला शुगर निघाली" असं व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर आई आधी हसली, मग एकदम गप्प. "अगं, म्हणजे इंजेक्शनं?" हो. दिवसातून दोन, बारा-बारा तासांनी.

बंड्या म्हणजे आमचा दहा वर्षांचा नारिंगी बोका. इथे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये फ्लॅटबाहेर पाऊल न टाकणारा, नसबंदी झालेला, पावणेसात किलोचा. मांजरांच्या मधुमेहाला जे जे लागतं ते सगळं याच्याकडे जमलेलं. व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, वजन उतरवायला बजावलं होतं, त्यामुळे चार महिन्यांत ते साडेपाचावर आलं तेव्हा मी स्वतःचीच पाठ थोपटली. खाणं तर वाढलं होतं. मग वजन कसं उतरतंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी मधुमेही बापाची मुलगी!

डोळे उघडले ते लिटरच्या ट्रेमुळे, म्हणजे त्याच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेमुळे. लघवीचे जे गोळे लिंबाएवढे असायचे, ते मोसंब्याएवढे निघायला लागले. एका रविवारी पाणी मापून ठेवलं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजलं. ६०० मिली गायब! किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं की तपासायलाच हवं, असं व्हेट म्हणाली. तिने त्याला चालवूनही पाहिलं. मागचे पाय पंजावर न तोलता तो पार घोट्यापर्यंत जमिनीला टेकवत होता. वाढलेल्या साखरेने मज्जातंतूंवर परिणाम झाला की असं होतं. मी ते वयावर ढकललं होतं.

रक्तातली साखर २४ आली. इथलं माप वेगळं, आपल्याकडचा आकडा हवा तर १८ ने गुणायचं, म्हणजे ४३२. पण मांजर नुसतं घाबरलं तरी साखर चढते, आणि बंड्या पिंजऱ्यातूनच फिस्कारत होता. म्हणून लघवीतली साखर पाहिली आणि फ्रुक्टोसामाइनची चाचणी केली. ती मागच्या एक-दोन आठवड्यांचा हिशेब देते. बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी असते ना, तिची धाकटी बहीणच म्हणा.

मग नर्सने टेबलावर सिरिंज ठेवली. लाल टोपीची. आमच्या सांगलीच्या फ्रिजच्या दारात, विरजणाशेजारी, बाबांची असते तीच! इथे माणसांचं इन्सुलिन मिलीला १०० युनिटचं, बंड्याचं मात्र ४० चं, बाबांच्या बाटलीसारखं. औषधाच्या दुकानातली १०० च्या मापाची सिरिंज चुकूनही वापरू नका, डोस अडीच पटींनी हुकेल, असं तिने दोनदा सांगितलं. त्या संध्याकाळी बाबा फोनवर माझे गुरुजी झाले. "बाटली खळखळवू नकोस, तळव्यांत फिरव. कातडी चिमटीत उचल. आणि हात कापला तरी चेहरा कापू देऊ नकोस." शेवटचं सोडून बाकी सगळं नर्सनेही सांगितलं होतं. बंड्याला सुई कळलीसुद्धा नाही, तो वाटी चाटत होता.

कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढणं मात्र आठवडाभर जमलं नाही. कान हातात घेऊन ऊब दिली की थेंब येतो, हे उशिरा कळलं.

चूक केली ती खाण्यात. कोरडं खाणं बंद करून प्रथिनं जास्त, पिष्ट कमी असं ओलं खाणं सुरू करायचं होतं, हळूहळू, डोस बघत. मी उत्साहात दोन दिवसांत बदललं, इन्सुलिन तेवढंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी बंड्या सोफ्यावरून उतरताना दारुड्यासारखा लडखडला. मीटरवर २.६. हिरड्यांना मध चोळला, एका हाताने व्हेटला फोन. खाण्यातलं पिष्ट घटलं की साखर घटते, मग तेवढंच इन्सुलिन जास्त होतं. साधा हिशेब, पण तो मला रात्री अकरा वाजता स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून कळला.

आता तोंडाने द्यायची औषधंही आहेत, अमेरिकेत २०२२ मध्ये गोळी आणि २०२३ मध्ये पातळ औषध मंजूर झालं. पण ती प्रत्येक मांजराला चालत नाहीत; रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी घटक) वाढण्याचा धोका असतो, म्हणून आमच्या व्हेटने इन्सुलिनच धरलं.

पाच महिन्यांनी डोस उतरत उतरत शून्यावर आला. लवकर सापडलं आणि साखर नीट आवरली तर काही मांजरांचं असं होतं. याला बरं झालं म्हणायचं नाही, परत उलटू शकतं. उरलेल्या सिरिंजा फ्रिजशेजारच्या कपाटात तशाच आहेत. पाणी अजून मापूनच ठेवते, आणि रविवारी बाबा स्वतःचा आकडा सांगायच्या आधी विचारतात, "बंड्या काल किती प्याला?"