मेस्त्री वारीला

सरांनी गाडीच्या चावीआधी पीयूसीची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "नापास," म्हणाले. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, स्वतःच्या गाडीबद्दल हा शब्द काढताना त्यांचा आवाज जरा खालीच आला.

चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साईड 0.4 टक्के आणि हायड्रोकार्बन 2100 पीपीएम. एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला मर्यादा अनुक्रमे 3 टक्के आणि 1500. पीयूसीवाला पोरगा प्रामाणिक निघाला याचंच मला नवल वाटलं. एरवी नळी सायलेन्सरला लागते न लागते तोवर पासाची चिठ्ठी छापून तयार असते.

गाडी 1997 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन उभ्या जागी थोडं थरथरतंच, त्यात काही विशेष नाही. पण हिच्या डॅशबोर्डवरचा गणपती गळ्यातल्या माळेसकट हलत होता. सिग्नलला उभी राहिली की धडधड, दसरा चौकात दोनदा बंदच पडलेली. आणि गिअर टाकून पाय दिला की आधी हबकायची, क्षणभर जीव गेल्यासारखी व्हायची, मग एकदम उचलायची. मागचा ट्रकवाला शिव्या देतो ते त्या क्षणभरात.

आमच्याकडे यायच्या आधी गाडी आणखी दोन गॅरेजं फिरून आली होती. प्लग नवे, वायरी नव्या, कॉइल नवी, टाकी धुतलेली, कार्बोरेटर पुन्हा उघडलेला. आणि निदान दोन्हीकडे एकच: "सर, पेट्रोलातलं इथेनॉल."

20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपोपंपी आल्यापासून आमच्या धंद्याची मोठी सोय झाली आहे. जे सापडत नाही ते इथेनॉल. त्याचा काहीच दोष नाही असं मी म्हणत नाही. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीचं मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणीही धरतं. पण सरांच्याच पंपावर पेट्रोल भरणाऱ्या आणखी तीन जुन्या 800 माझ्याकडे येतात. त्यांचे गणपती हलत नाहीत.

मी चिठ्ठी परत वाचली. हायड्रोकार्बन म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. त्यावरून आधीच्या मेस्त्रीनं हिशेब केला, पेट्रोल जास्त जातंय, आणि मिक्श्चरचा स्क्रू आवळला. सरांनाही ते पटलं होतं. पण पेट्रोल खरंच जास्त जात असतं तर कार्बन मोनॉक्साईड चढला असता, आणि तो तर तळाला होता. चुलीत लाकडं कोंबली की धूर होतो. इथे लाकूडच कमी पडून जाळ मधेमधे विझत होता. मिश्रण इतकं पातळ, की ठिणगी पडूनही कधी पेटायचं, कधी तसंच बाहेर. म्हणजे गाडी खादाड नव्हतीच, उपाशी होती, आणि उपाशी गाडीच्या पुढ्यातलं ताट कुणीतरी आणखी मागं ओढलं होतं.

प्लग काढले. तिन्ही फटफटीत पांढरे. चोक ओढला की आत जाणारी हवा कमी होते. इंजिन गरम असताना तो अर्धा ओढून बघितला, तर गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. संशय उरला नाही, जास्तीची हवा कुठूनतरी आत शिरत होती.

कुठून, ते काही केल्या सापडेना. कार्बोरेटरच्या बुडाला, तिथून मिश्रण इंजिनात नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटला, प्रत्येक सांध्यावर क्लीनरचा फवारा मारला. गळती असेल तिथं फवारा आत ओढला जातो आणि रेसिंग, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग, बदलतं. इथं ढिम्म. पाय दिल्यावर कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची धार पडते का बघितलं, छान पडत होती. प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. तिन्हींना इंजिन सारखंच पडत होतं, म्हणजे एका सिलिंडरचं दुखणं नव्हे. तास गेला, दोन चहा झाले. सर स्टुलावर बसून शांतपणे बघत होते. पेपर सोडवणाऱ्या पोरासमोर मास्तर बसतात तसे.

शेवटी हात पुसत विचारलं, "सर, आधी काय सुरू झालं? थरथरणं का हबकणं?"

हा प्रश्न मी पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवा होता. गिऱ्हाईक दोन्ही तक्रारी एका दमात सांगतं, आणि आपण दोन्हींचं मूळ एकच धरून चालतो.

सरांनी ग्लोव्ह बॉक्समधून वही काढली. किलोमीटर, लिटर, खर्च, सगळं ओळीनं. मी पानं उलटत गेलो. मार्च: चढाला पाय दिल्यावर ओढत नाही, हबकते. मग तीन महिने तेच. मग जुलै: "कार्बोरेटर साफ केला. मेस्त्री वारीला." आणि खाली दुसऱ्याच दिवशीची नोंद: "उभी असताना थरथर सुरू."

मेस्त्री म्हणजे मी. आषाढीला मी पंढरपूरच्या वाटेवर होतो आणि गॅरेज पोरावर सोपवलेलं. मी सरांकडे बघितलं.

"आधी बोलला नाहीसा ते?"

"मी काय म्हटलं का तुम्हाला?" सर म्हणाले, आणि रस्त्याकडं बघायला लागले.

दोन दुखणी, दोन तारखा. आता काम सोपं झालं. कार्बोरेटर काढताना काय काय सुटतं? पाइप. पकडीच्या तोंडाला फडकं गुंडाळलं आणि एकेक पाइप दाबत गेलो. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा बारीक पाइप दाबला आणि धडधड थांबली. गणपतीही थांबला.

या पाइपाचं काम असं. त्याचं दुसरं टोक कार्बोरेटरच्या ज्या नळीवर बसतं, तिचं छिद्र उभ्या गाडीत थ्रॉटलच्या पाकळीच्या वर असतं, तिथं तेव्हा ओढ नसते. पाय दिला, पाकळी उघडली, की ओढ सुरू होते, डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला चिकटलेल्या डबीतला पडदा खेचला जातो, तो आतली प्लेट फिरवतो आणि ठिणगी थोडी लवकर पडते. पातळ मिश्रण सावकाश जळतं, त्याला ही लवकरची ठिणगी लागते. तो पडदा मार्चमध्येच फाटला होता. पाइप काढून तोंडानं ओढलं तर हवा सरळ तोंडात आली. ठिणगी पुढं सरकत नव्हती, म्हणून हबकणं.

आणि जुलैत आमच्या पोरानं पाइप बसवताना अदलाबदल केली. कार्बोरेटरच्या नळीवर रबरी बूच, आणि हा पाइप थेट मॅनिफोल्डच्या नळीवर, जिथं उभ्या गाडीत सगळ्यात जोराची ओढ. पडदा धड असता तर रेसिंग थोडं वाढलं असतं, एवढंच. फाटका असल्यामुळं इंजिन त्यातून बिनधास्त हवा पीत बसलं. मी बाहेरून फवारत होतो आणि हवा शिरत होती डिस्ट्रिब्युटरच्या पोटातून. पुढं गाडी बंद पडू नये म्हणून कुणीतरी रेसिंगचा स्क्रू इतका आत घातला होता, की पाकळी पुरती मिटतच नव्हती. त्यानं हबकणं आणखी वाढलं.

या गाडीचं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं, आणि कार्बोरेटरवाली तर त्याच्याही कितीतरी आधी. नवी डबी दुकानात मिळाली नाही. उद्यमनगरात एका ओळखीच्याकडं भंगारात निघालेल्या 800 चा डिस्ट्रिब्युटर पडून होता, त्याचा पडदा तोंडानं ओढून बघितला, जीभ चिकटून राहिली. तीच डबी बसवली, पाइप जागच्या जागी लावला, टायमिंग लाइट धरून टायमिंग केलं, दोन्ही स्क्रू पहिल्यापासून लावले.

ट्रायलला पन्हाळ्याच्या रस्त्याला गेलो. वाघबिळाच्या चढाला सरांनी तिसऱ्यातच पाय दिला. गाडी कुरकुर न करता वर गेली. सर काही बोलले नाहीत, फक्त चोकचा खटका बोटानं आत आहे ना ते चाचपून बघितलं.

परतताना त्याच पीयूसीवाल्याकडं थांबलो. कार्बन मोनॉक्साईड 1.3, हायड्रोकार्बन 390.

बिलात मी फक्त डबीचे पैसे लावले. सरांनी चष्मा वर करून कागद दोनदा वाचला.

"मजुरी राहिली, मेस्त्री."

"ती तुम्ही जुलैतच दिलीय की, सर."

त्यांनी वही काढली, बोनेटवर ठेवली, तारीख घातली. मग पेन तसंच धरून विचारलं, "यंदा वारीला कधी निघताय?"