फरशीखालचा धोटा

सोलापूरच्या पूर्व भागातली जुनी घरं एकेक करून पाडली जात आहेत. शहाबादी फरशी उपसली की कधीकधी खाली मुरूम-विटकरांनी बुजवलेला खड्डा लागतो, आणि त्यात होडीसारखा एक लाकडी ठोकळा सापडतो. दोन्ही टोकं निमुळती, मधे पोकळ. हा धोटा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा इकडून तिकडे नेणारं हत्यार. पद्मशाली, म्हणजे इथल्या तेलुगू विणकरांच्या, घरात विचाराल तर नाडे. तो कुठल्या मागावरचा आणि साधारण कधीचा, हे घरबसल्या बरंच नेमकं काढता येतं. अट एकच आहे. सापडल्या सापडल्या तो धुऊन-पुसून चकचकीत करायचा नाही.

आधी खड्ड्याकडे बघा, कारण दुपारपर्यंत गवंडी तो भरून टाकणार असतो. धान्य साठवायचं पेवही जमिनीतच असतं, पण ते तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असतं. मागाचा खड्डा आयताकृती, सरळ भिंतींचा आणि दोन-तीन फूट खोल असतो. विणकर काठावर बसून पाय आत सोडायचा आणि पावड्या, म्हणजे पायाने चालवायच्या पट्ट्या, दाबायचा. खड्डा बहुतेक खिडकीजवळ असतो, कारण तुटलेला धागा शोधायला बाजूने उजेड लागतो. ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, जमिनीलगत ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत सुती ताणा पटापट तुटतो, आणि मातीतली ओल त्याला थोडा मऊपणा देते. गुंट मग्गम, म्हणजे खड्डामाग, इथे इतका टिकला त्यात या ओलीचाही वाटा आहे. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, दोन भिंतींपासूनचं अंतर आणि धोटा कितव्या थरात होता हे लिहून घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. तळाशी सापडलेला धोटा आणि वरच्या भरावात सापडलेला धोटा यांचा अर्थ एक होत नाही. तळातला त्या मागाचा असण्याची शक्यता मोठी. भरावातला कोणीही, कुठूनही आणून टाकलेला असू शकतो.

खोलीत खड्डा नसेल, पण फरशीत बोल्टची भोकं किंवा यंत्राच्या पायांच्या दगडी बैठका असतील, जमीन तेलाने काळी पडली असेल आणि जाड चामड्याचे तुकडे मिळत असतील, तर तिथे यंत्रमाग होता. ते चामडं पिकरचं. पिकर म्हणजे धोट्याला ठोसा देणारा भाग.

लाकूड ओलसर असेल तर उन्हात ठेवू नका. इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर आकसला की रेषेरेषेने चिरा जातात. वर्तमानपत्रात सैल गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून सावलीत ठेवा. दर तीन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या. आठवडाभर वजन बदललं नाही की वाळला समजा. मग रंगाचा मऊ कोरडा ब्रश फिरवा. सॅंडपेपर, जवसाचं तेल, चिंच, लिंबू, पाणी यातलं काहीही नको. कोरीव अक्षरं पाव मिलिमीटरही खोल नसतात, सॅंडपेपरचे चार हात मारले की संपली. बारीक भोकांतून ताजी भुकटी गळत असेल तर आत कीड जिवंत आहे. पूर्ण वाळल्यावर हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. ओला असताना ठेवला तर आतलं पाणी गोठून लाकूड फुटतं.

आता धोटा कुठल्या जातीचा ते पाहू. हाताने फेकायचा धोटा हलका असतो, टोकांना धातू नसतो, आणि वर्षानुवर्षं बोटं लागून कडा गुळगुळीत झालेल्या असतात. विणकर तो एका हाताने सोडायचा, दुसऱ्याने झेलायचा. त्यामुळे कापडाचा पन्हा (रुंदी) हात पोहोचतील तेवढाच. झटक्याच्या धोट्याला टोकांवर लोखंडी किंवा पितळी शंकू असतात, कारण तो हाताने फेकत नाहीत. दोरी ओढली की मागाच्या बाजूच्या पेटीतला ठोकळा त्याच्या टोकावर आदळतो. पुष्कळदा खाली दोन लहान चाकंही असतात. हा शोध इंग्लंडमधल्या जॉन के याचा, १७३३ चा, पण आपल्याकडच्या हातमागांवर तो मोठ्या प्रमाणात आला विसाव्या शतकात. यंत्रमागाचा धोटा मात्र उचलताच कळतो. जड, चाकं नसलेला, तासून सरळ केलेल्या बाजूंचा. त्याची पाठ आणि तळ यांच्यातला कोन काटकोनापेक्षा किंचित कमी असतो, कारण एका अंगाने तो फणीला, म्हणजे ताण्याचे धागे वेगळे ठेवणाऱ्या दातेरी चौकटीला, आणि खालून धावपट्टीला घासत पळतो. गुण्या लावून पाहा, फट दिसेल.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. हातफेकीचा धोटा म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा, असं धरून चालतात. पैठणीवर तो आजही चालतो. आकारावरून धोट्याची जात कळते, वय नाही. वय ठरवायचं त्यातल्या सगळ्यात नव्या भागावरून, कारण धोटा त्याच्या सगळ्यात नव्या भागाहून आधी गाडलेला असू शकत नाही. उलट बाजूने हेही लक्षात ठेवा की लाकूड जुनं आणि टोकं, चाकं, स्क्रू नंतर बदललेले, असं सर्रास होतं. हत्यार पोट भरत होतं, तेव्हा दुरुस्ती होणारच.

म्हणून एकेक भाग भिंगाखाली घ्या. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हाची खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा नाही, आणि सोलापुरात बसवला गेला तो त्याहून बऱ्याच उशिरा. एकच खाच, तीही मध्यापासून सरकलेली असेल, तर जुना हातकामाचा स्क्रू. पोकळीच्या आत सूत फार सैल सुटू नये म्हणून काहीतरी चिकटवलेलं असतं. ते केसाळ चामडं असेल तर तारीख सांगता येत नाही, नायलॉनचे फासे असतील तर सांगता येते. नायलॉनचा शोध १९३५ चा. कांडी, म्हणजे सूत गुंडाळलेली नळी (पद्मशाली विणकरांची कंडे), पकडायला आत जीभ आहे की जबडे, हेही पाहा. कांडीच्या बुडाला धातूच्या कड्या आणि त्यांना धरणारे खाचांचे जबडे असतील, आणि धोटा खालून उघडा असेल, तर तो आपोआप कांडी बदलणाऱ्या मागाचा. तसा माग १८९० च्या दशकात अमेरिकेत आला.

सूत जिथून बाहेर पडतं ते नेढंही बोलकं असतं. साधं गोल भोक, त्यात चिनी मातीची कडी, असेल तर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकच धोटा कितीतरी जणांच्या तोंडी लागायचा आणि रोग पसरायचे. नेढ्याला वरून तिरकी चीर असेल, म्हणजे धागा दाबताच आत सरकतो, तर तो सुधारलेला प्रकार.

अक्षरं वाचायची युक्ती सोपी आहे. खोली अंधारी करा, टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि धोटा हळूहळू फिरवा. सावल्या उमटतात. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा. कारखानदाराचं नाव आणि गाव बहुधा बाजूला किंवा टोकाजवळ असतं. इंग्लंडच्या लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न हे धोट्यांच्या धंद्याचं मोठं केंद्र होतं, आणि तिथला माल जगभर जाई. ‘मेड इन’ अमुक देश असा शिक्का असेल तर १८८० च्या दशकाअखेरच्या, मालावरच्या शिक्क्यांबाबतच्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यांनंतरचा माल धरा. नुसता ठोकलेला आकडा दिसला तर तो मागाचा नंबर किंवा जोडी जुळवायची खूण असते. दोन-तीन रंगांच्या बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यांसाठी, एका मागावर तितके धोटे लागतात आणि त्यांचं माप, वजन सारखं असावं लागतं. एक हलका निघाला तर तो पेटीत आपटून उलटा फिरतो, आणि ताण्यात अडकला की एका ठोक्यात शेकडो धागे तुटतात.

कांडीवर सूत शिल्लक असेल तर तुमचं नशीब थोर. दहा मीटर सूत सोडवा, सोनाराच्या काट्यावर ग्रॅममध्ये तोला, आणि ५.९ ला त्या वजनाने भागा. हा काउंट, म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा. ०.३० ग्रॅम भरलं तर साधारण २० चं सूत, ०.१० भरलं तर ६० चं. १० ते २० चं जाड सूत चादर-टॉवेलकडे बोट दाखवतं, ४० च्या पुढचं बारीक सूत लुगड्याकडे. माती आणि ओल वजन वाढवते, त्यामुळे सूत आहे त्याहून जाड भासतं. आधी ब्रशने झाडून दोन दिवस मोकळं ठेवा. दुपदरी असेल तर पीळ उलगडून पाहा, नाहीतर २० चं दुपदरी सूत १० चं वाटेल.

मग एक इंच तुकडा चिमट्यात धरून जाळा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. पॉलिस्टरचा शोध १९४१ चा, म्हणजे कांडी त्यानंतरचीच. कृत्रिम रेशीम कापसासारखंच जळतं, तिथे फसायला होतं. धाग्याच्या मध्यावर पाण्याचा थेंब टाकून दोन्हीकडून ओढा. ओल्या जागी तटकन तुटला तर कृत्रिम रेशीम, कारण ते भिजलं की कमकुवत होतं. कापूस भिजला की उलट बळकट होतो. कृत्रिम रेशीम भारतात १९५० पासून बनू लागलं, आधी बाहेरून यायचं.

आता कागद. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढा, आधीचे धारक आणि फेरफाराच्या तारखा त्यात असतात. जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि वीजजोडणीचे कागद शोधा. मोटरची जोडणी कधी घेतली ते कळलं की घरात यंत्रमाग केव्हा आला ते कळतं. हातमागाच्या काळासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ चा सोलापूर खंड वाचा, विणकामाची माहिती त्यात आहे. गिरणीचा धोटा असेल तर घाईने ‘आजोबा गिरणीत होते’ असं ठरवू नका. पहिली गिरणी, जुनी मिल, १८७७ मध्ये सुरू झाली. ती १९४९ मध्ये बंद पडली आणि १९५० च्या जानेवारीत सरकारने ताब्यात घेतली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गिरण्यांनी काढून टाकलेले माग आणि सुटे भाग छोट्या कारखानदारांनी विकत घेतले, म्हणून गिरणीचा धोटा कुठल्याही घरी पोहोचू शकतो.

खड्ड्यात धोट्याबरोबर जुनी नाणी निघाली तर गोष्ट वेगळी. जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

हे सगळं झाल्यावर धोटा घेऊन साखर पेठेत किंवा भद्रावती पेठेत एखाद्या म्हाताऱ्या विणकराकडे जा. ‘हे किती जुनं असेल?’ असं विचारू नका, समोरचा तुमचं मन राखायला ‘लई जुनं’ म्हणेल. ‘यात कंडे कुठली बसायची? कुठल्या पन्ह्याला चालायचा?’ असं विचारा, आणि धोटा त्यांच्या हातात द्या. कुठल्या हातात घेतात, अंगठा कुठे टेकवतात ते बघा. हातफेकीच्या धोट्यावरची झीज त्या अंगठ्याखाली नेमकी बसते. झटक्याचा असेल तर बोट आधी टोकाकडे जातं आणि धार निघाली आहे का ते चाचपतं, कारण बोथटलेल्या टोकाची कुसळं ताण्याचे धागे कापतात.