व्हिडिओचा कापलेला शेवट

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मारून टाकलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा त्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पोचली होती. त्या वर्षी देशभर ही अफवा पोसणारा एक व्हिडिओ फार फिरला, तो कराचीतला होता. गल्लीत पोरं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि निघून जातात. मूळ व्हिडिओत तेच दोघं लगेच परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असं सांगणारा फलक कॅमेऱ्यासमोर धरतात. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची ती जनजागृतीची फिल्म होती. कुणीतरी तिचा शेवट तेवढा कापला.

त्यात एकही फ्रेम बनावट नव्हती, आणि म्हणूनच पत्रकारिता शिकणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने अभ्यासावं असं मला वाटतं. आपण ‘एडिट केलंय का’ एवढंच शोधत बसतो. खरा प्रश्न असतो, हा व्हिडिओ कुठल्या प्रकारचा आहे? प्रँक, ‘सामाजिक प्रयोग’, सीसीटीव्हीसारखी दिसणारी जाहिरात, रचून केलेली लघुफिल्म हे सगळे प्रकार आज प्रचंड लोकप्रिय आहेत, आणि त्यांचा अर्थ बहुतेक वेळा शेवटच्या काही सेकंदांत असतो. तेवढा भाग गेला की नाटकाची बातमी होते. लोकप्रिय व्हिडिओंना उथळ म्हणून नाक मुरडणारा पत्रकार इथे हमखास फसतो, कारण त्याला हे प्रकार ओळखूच येत नाहीत.

रचलेला व्हिडिओ ओळखायच्या काही खुणा आहेत. भिंतीवरचा साधा सीसीटीव्ही जागचा हलत नाही. चित्र माणसामागे वळत असेल, झूम होत असेल, तर कॅमेरा बहुधा कुणाच्या तरी हातात आहे. (फिरणारे कॅमेरे असतात, पण गल्लीबोळात क्वचित.) कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतंय का ते पाहा, मध्येच उडी मारत असेल तर तिथे काट आहे. रस्त्यावरच्या गोंगाटात संवाद लख्ख ऐकू येत असेल, तर माइक जवळ होता. ज्या चॅनेलवर व्हिडिओ सापडेल तिथले आणखी आठ-दहा व्हिडिओ बघा. तेच चेहरे वेगवेगळ्या भूमिकांत दिसले की प्रश्न मिटला. ‘हे काल्पनिक आहे’ ही सूचना बऱ्याचदा बारीक इंग्रजीत, क्षणभरच झळकते. व्हिडिओचा वेग पावपट करून सुरुवात आणि शेवट पाहा.

व्हिडिओतल्या चित्रावरून त्याचं मूळ शोधताना सगळ्यात जास्त चूक होते ती फ्रेम निवडताना. पळतानाचा धूसर क्षण घेतला की शोधयंत्राला काही सापडत नाही. कॅमेरा स्थिर आहे, दुकानाची पाटी, वाहन किंवा इमारत दिसतेय असे चार-पाच स्क्रीनशॉट घ्या. वर-खाली चिकटवलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांमागे जातो. मग गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय या चित्रावरून शोधणाऱ्या तिन्ही साधनांत टाका. टिनआयवर निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, आपल्याला तेच हवं असतं. काही सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा शोधा. ओळखू येऊ नये म्हणून व्हिडिओ आरशातल्यासारखा फिरवणं ही जुनी युक्ती आहे. उलट्या दिसणाऱ्या पाट्या आणि नंबरप्लेट ते उघड करतात. नंबरप्लेट सुलट असेल तर ठिकाणही कळू शकतं. ‘आपल्या धुळ्यातलाच आहे’ म्हणून आलेल्या व्हिडिओत एमएच १८ सोडाच, एमएचची एकही गाडी नसेल, तर तिथेच थांबावं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलवर तारखेसाठी विसंबू नका. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात जी तारीख असते ती फोनमध्ये फाइल आली त्या दिवसाची, चित्रीकरणाची नव्हे. चित्रीकरणाची माहिती पाठवताना सहसा गळून जाते. ‘फॉरवर्डेड’च्या खुणेचंही तसंच. जुलै २०१८ मध्येच ही खूण आली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवायची मर्यादा जाहीर झाली. पण फाइल उतरवून नव्याने पाठवली की खूण राहत नाही. खूण नाही म्हणजे पाठवणाऱ्यानेच शूट केलंय, असं अजिबात नाही.

पोलीस ठाण्याला फोन करून ‘हे खरं आहे का?’ विचारलं तर ‘चौकशी सुरू आहे’ एवढंच हाती लागतं. गुन्हा दाखल आहे का, कुठल्या तारखेला, कुठल्या कलमाखाली, असं विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात, तिथेही पाहा. मात्र संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात, म्हणून न सापडणं हा पुरावा नव्हे.

खुलासा लिहिण्याआधी मूळ पोस्टची प्रत वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) जतन करा. ती कधी उडेल सांगता येत नाही. मथळ्यात अफवेचं वाक्य जसंच्या तसं घेऊ नका: ‘मुलं पळवणारी टोळी? वाचा सत्य’ हा मथळा क्लिक मिळवतो, पण न उघडणाऱ्याच्या डोक्यात टोळीच राहते. ‘तो व्हिडिओ कराचीच्या जनजागृती फिल्मचा’ असं थेट लिहा. अफवेचं चित्र वापरायचंच असेल तर त्यावर आडवा, ठळक ‘खोटा दावा’ असा शिक्का मारा, आणि तो कडेला नको, मधोमध हवा. कडेचा कापून टाकायला एक मिनिट लागत नाही.

आणि लेख लिहून काम संपत नाही. अफवा व्हिडिओ आणि आवाजातून गेलेली असते, तिच्यामागे आठशे शब्दांची लिंक कोण उघडणार? साक्रीच्या पट्ट्यात खुलासा पोचवायचा तर अहिराणीत, आदिवासी पाड्यांवर तिथल्या बोलीत, तीसेक सेकंदांचा उभा व्हिडिओ करावा. पहिल्या पाच सेकंदांत कापलेला शेवट दाखवावा, पोरगं परत खाली ठेवतात तो. लिंक न पाठवता फाइलच पाठवावी, आणि अफवा ज्या ग्रुपवर आली होती त्याच ग्रुपवर आधी टाकावी.