सरांचा तुराट्यांचा घनमीटर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा समितीचा निरोप आला. प्रार्थना, झेंडावंदन, गॅदरिंग, कबड्डीचं मैदान यांवर बाकीचे मित्र लिहितीलच. मला विज्ञानाच्या सरांपलीकडे काही सुचत नाही. आज पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून माझ्या सहीनं अहवाल बाहेर पडतात, ते सरांमुळे.

नववीत घनतेचा धडा चालू होता. पाण्याची घनता एक ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तीच हजार किलोग्रॅम प्रति घनमीटर, हे आम्हाला तोंडपाठ होतं. सरांचं तेवढ्यावर भागलं नाही. तुरीची रास नुकतीच झालेली, तुराट्यांना तोटा नव्हता. शनिवारच्या सकाळच्या शाळेत त्यांनी बारा सरळ तुराट्या मीटरपट्टीनं मोजून कापायला लावल्या आणि सुतळीनं बांधून व्हरांड्यासमोर घन उभा केला. मग खडूचा तुकडा ब्लेडनं तासत एक सेंटिमीटरचा ठोकळा काढला. तो तळहातावर घेऊन म्हणाले, "सांगा लेकरांनो, असले किती मावतील ह्याच्यात?"

कुणी शंभर म्हणालं, कुणी हजार. सर काही बोलले नाहीत. खालच्या तुराटीला पट्टी लावली. शंभर ठोकळ्यांची एक ओळ. अशा शंभर ओळी, म्हणजे दहा हजारांचा एक थर. असे शंभर थर. दहा लाख! "आता एकेक ठोकळा म्हणजे एक ग्रॅम पाणी. वजन सांगा." दहा लाख ग्रॅम, हजार किलो, एक टन. त्या वर्षी टँकर लवकर सुरू झाले होते आणि एक टँकर नेमका शाळेच्या हौदाशी उभा होता. "दहा हजार लिटरचा आहे तो. किती टन पाणी ओढत आला?" दहा टन, असं सगळा वर्ग एका सुरात ओरडला. त्या दिवसापासून हजारानं गुणायचं की भागायचं हा प्रश्न आमच्या वर्गातून कायमचा गेला.

पुढच्याच तासाला त्यांनी एक लिटर करडईचं तेल तराजूत घालून दाखवलं. ते नऊशे वीस ग्रॅमच्या आसपास भरलं. लिटर म्हणजे किलो हे पाण्यापुरतंच खरं, तेलाला आणि उसाच्या रसाला लावू नका, हे त्यांनी तिथंच बजावलं. आणि एक लिटर पाण्यात दहा लाख मिलिग्रॅम असतात, म्हणून लिटरमधला एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाखांत एक भाग, ज्याला आम्ही आता पीपीएम म्हणतो, हेही त्याच तासाला कळलं. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. माझी सगळी नोकरी ह्याच हिशोबावर उभी आहे.

गावात टाकी शुद्ध करायची म्हटलं की जलसुरक्षक (ग्रामपंचायतीचा पाणी सांभाळणारा माणूस) विचारतो, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकू? एक लाख लिटरच्या टाकीत लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर दोनशे ग्रॅम क्लोरीन लागतो. पावडर ताजी, तेहतीस टक्के क्लोरीनची असेल तर सहाशे ग्रॅम पुरते. पोतं उघडं राहून ती वीस टक्क्यांवर आली असेल तर एक किलो लागते. हे मी गावोगाव फळ्यावर मांडून दाखवतो. मांडणी सरांचीच.

सर प्रत्येक आकड्यामागे विचारत, "कशाचे? कशात?" त्याची किंमत मला एका अहवालानं कळली. एका गावाला बाहेरच्या प्रयोगशाळेकडून नायट्रेट बारा असा अहवाल आला होता. मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम, म्हणून गाव निश्चिंत होतं. पण ते बारा मिलिग्रॅम नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचे होते, आणि मर्यादा अख्ख्या नायट्रेटची. नायट्रेट करायचं तर नायट्रेटचा भार बासष्ट भागिले नायट्रोजनचा चौदा, म्हणजे ४.४३ नं गुणायचं. उत्तर त्रेपन्न. ते पाणी तान्ह्या लेकरांना पाजण्यासारखं नव्हतं. हातपंपावर तांबडा रंग मारून घेतला, तेव्हा मला सरांची फार आठवण आली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिली खेप पाच लाख लिटरची. पेपरात तो आकडा वाचला आणि तोंडातून आपसूक निघालं, पाचशे टन. घरातले बघतच राहिले.

परवा शाळेत जाऊन आलो. इमारत देखणी झाली आहे, स्मार्ट बोर्ड आले आहेत, निकालही चांगला लागतो. पण प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप होतं आणि तराजूच्या पारड्यात गठ्ठे ठेवलेले. आमच्याकडे कामाला येणारी पदवीधर मुलं मिलिग्रॅमचे ग्रॅम करायला मोबाईल काढतात. उत्तर बरोबर येतं, पण टिंब एक घर सरकलं तर ते त्यांच्या लक्षात येत नाही. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. नववीच्या मुलांनी आपापल्या गल्लीतल्या विहिरी-बोअरचं पाणी वर्षातून दोनदा आणावं, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. नायट्रेट आणि फ्लोराइडची तपासणी मी करून देईन. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेकरांच्या दातांवर डाग पडू लागतात, हे त्यांना आकड्यानिशी कळू द्या. फळ्यावरची गणितं मी स्वतः येऊन घेईन. शनिवार सकाळ मला सोयीची आहे.