पाटणादेवीच्या कातळावरची मयूरशिखा

चाळीसगावहून पाटणादेवीला येणारे बहुतेक जण चंडिकादेवीचं दर्शन घेतात, शके ११२८ च्या शिलालेखातल्या भास्कराचार्यांच्या नातवाबद्दल, चांगदेवाबद्दल थोडं बोलतात आणि केदारकुंडाच्या धबधब्याकडे चालू लागतात. मला मात्र या श्रावणात वाटेतल्या काळ्या कातळानेच धरून ठेवलं. भेगाभेगांतून मयूरशिखा उगवली होती. हा एक नेचा, म्हणजे फर्न. बोटभर ते वीतभर उंचीचा, म्हणून उभ्याने दिसतच नाही. गुडघे टेकावेच लागतात.

ओळख पटवायची ती फाट्यांवरून. पिवळसर, बारीक देठाच्या टोकाशी पान दुभंगतं, प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगतो, तो पुन्हा, आणि शेवटी सगळ्या अरुंद पट्ट्या मिळून उघडलेल्या हातपंख्याचा आकार येतो. मधली शीर धरून दोन बाजूंना पानं फुटण्याचा नेच्याचा नेहमीचा थाट इथे नाहीच.

मग पान हलकेच उलटं करून भिंग लावलं. पट्ट्यांच्या दोन्ही कडा आत दुमडलेल्या आणि त्या दुमडीखाली बीजाणूंच्या तपकिरी रेघा. माझ्या मते खरी खूण हीच. वरचा आकार कुणालाही आवडतो, पण नेचा ओळखावा तो पाठीवरून.

दुभंगणारा नेचा म्हटलं की कोकणातला, रस्त्याकडेच्या ओल्या दरडींवर रान माजवणारा डिक्रानोप्टेरिस आठवतो. त्याचं खोड जमिनीखालून लांबवर सरपटत जातं, प्रत्येक फाट्याच्या बेचक्यात एक कळी झोपलेली असते आणि बीजाणूंचे ठिपके गोल, उघडे असतात. मयूरशिखेचं खोड आखूड, खवल्यांनी झाकलेलं, भेगेतच मुरलेलं.

इथे सरकत जातो तो दुसराच नेचा: हंसराज. काळा चकचकीत देठ, अर्धचंद्रासारखी पातळ पानं. पान लांबत जातं, त्याचं टोक मातीला टेकतं, तिथे मुळं फुटतात आणि नवं रोप उभं राहतं. एका ओलसर कपारीत अशी साखळीच दिसली, आई आणि लेक अजून एकाच देठाने जोडलेल्या.

गुरं घेऊन चाललेले एक आबा थांबले. "काय दखी ऱ्हायना भाऊ?" मी मयूरशिखा दाखवली. ते म्हणाले, "उन्हायामा सुकी जास, पानी पडनं का हिरवं व्हई जास." अगदी बरोबर. उन्हाळ्यात ही पानं आक्रसून गुंडाळतात, मेल्यासारखी तपकिरी होतात आणि पाणी मिळताच तीच पानं पुन्हा उघडतात. खान्देशच्या उन्हात, मूठभर मातीही नसलेल्या बेसॉल्टवर तग धरायचा तो असा.

औषधी म्हणून हिला उपटून नेणारे आहेत. हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, इथलं पानही तोडू नये. जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा, दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा आणि धबधब्याच्या घाईत कातळाकडे पाठ फिरवू नका.