छू म्हणायला काय जातं

दुपारी दोनचा सुमार. वावरात चिटपाखरू नाही आणि बैलबंडीखाली कुत्रं पडलेलं. रांजणाखालची ओली माती उकरून त्यात पोट टेकवलंय, डोळे मिटलेत, पण एक कान जागा आहे. पांदणीनं सायकल गेली, कान तिकडं वळला. विहिरीवरची मोटर बंद झाली, कान इकडं. उठत मात्र नाही. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या आत परकं पाऊल पडलं तरच उठेल. हे त्याला कोणी शिकवलं म्हणून सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला विचारा, तो बिडी न काढता सांगतो, "शिकवाले काय लागते बाप्पा, समजते त्याले."

समजतं, हे निम्मं खरं. कुठं आपली हद्द संपते, कोण रोजचा, कोण उपरा, हे गावठी कुत्रं आपलं आपण शिकतं. पण आपण होऊन त्याला जो एकमेव धडा देतो, तो म्हणजे छू. चार वर्षांचं पोट्टंसुद्धा छू म्हणतं. डुकरामागं छू, फुगेवाल्यामागं छू, शेजारच्या मांजरीमागं छू. कुत्रं सुसाट सुटलं की सगळे हसतात, कुत्र्यालाही आपण काही पराक्रम केल्यासारखं वाटतं. परत कधी येतं? दमलं की. 'परत ये' हा धडा द्यायचं कोणाला सुचत नाही, आणि वावरातल्या कुत्र्याची निम्मी नोकरी तर परत येण्याचीच असते.

रोह्याचं, म्हणजे नीलगायीचंच बघा. हरभरा घाट्यावर आलाय, पहाटे रोह्यांचा कळप शिरला, कुत्रं सोडलं. ते भुंकत धुऱ्यापर्यंत गेलं आणि वळलं तर काम झालं. पण ते वळत नाही. मग रोही पुढं, कुत्रं मागं, पिकातून तीन फेऱ्या. रोह्यांनी खाल्लं असतं त्याहून जास्त खुरांखाली जातं. रानडुकराची गोष्ट याहून वाईट. पिलांची मादी असली तर ती पळत नाही, उलट फिरते. एकटा डुक्कर तुरीत कोंडला गेला की त्याचा सुळा कुत्र्याचं पोट किंवा मांडी उभी फाडतो. डुकराला पकडणारं कुत्रं वावराला नकोच आहे. लांबून भुंकणारं, जागल्याला उठवणारं आणि बॅटरीचा उजेड पडला की मागं येणारं हवं. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. पिकातून हाकलणं वेगळं आणि कुत्री लावून जनावर पाडणं वेगळं. दुसरी गोष्ट शिकार ठरते.

तर परत बोलावणं. त्याला लागतं काय? एक शब्द, १५ ते २० फुटांची हलकी दोरी आणि भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, कोंबडी उकडलेल्या पाण्यात बुडवलेले. शब्द कोणताही घ्या, 'ये' घ्या, 'चाल' घ्या, पण घरातल्या सगळ्यांनी तोच. आजी 'यू यू' करते, पोरगा शीळ घालतो, सालदार नावानं हाका मारतो. कुत्र्याला त्यातलं एकही आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. शिकवणी जेवणाआधी, पोट रिकामं असताना, १० मिनिटांपेक्षा जास्त नाही. सुरुवातीला कुत्रं आपणहून आपल्याकडं येत असतानाच शब्द म्हणायचा आणि तुकडा द्यायचा. चार-पाच दिवसांत शब्दाला अर्थ येतो. मग ते दुसरीकडं बघत असताना म्हणायचा. नाही आलं तर दुसऱ्यांदा ओरडायचं नाही, दोरी हलकेच ओढून आणायचं, आणि तरीही तुकडा द्यायचा. हे आधी अंगणात, मग गुरांच्या कोठ्यासमोर, मग बकऱ्या समोरून जात असताना. दोरी लवकर सोडली की सगळं मुसळ केरात, कारण एकदा का त्याला कळलं की न येताही चालतं, ते आयुष्यभर लक्षात ठेवतं.

दोन चुका घरोघरी होतात. पहिली, बोलावून मारणं. कुत्र्यानं कोंबडी धरली, मालकानं लाडानं हाक मारली, जवळ आल्यावर तुतारीनं, म्हणजे बैल हाकायच्या काठीनं हाणलं. कुत्र्याच्या हिशेबात मार कोंबडीसाठी नव्हता, जवळ येण्यासाठी होता. दुसरी चूक साधी आहे, म्हणून जास्त होते: हाक फक्त बांधायच्या वेळी मारणं. असं कुत्रं दहा हातांवर येऊन थांबतं. तुम्ही एक पाऊल पुढं, ते एक पाऊल मागं. रोज संध्याकाळी हा दिंडीतला पावलीचा खेळ चालतो आणि मालक म्हणतो, लय बदमाश आहे. म्हणून दहातल्या नऊ वेळा बोलवा, तुकडा द्या आणि सोडून द्या.

पण हे सगळं पिल्लू बरं असेल तर. गावात पिल्लू निवडतं कोण? पोट्टे. भादव्यात कुत्री माजावर येतात, ६३ दिवसांची गाभण, म्हणजे पिल्लं पडतात कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत. कोणाच्या तरी कुटाराच्या कोपऱ्यात कुत्री व्याली की बातमी शाळेत मास्तरांच्या आधी पोचते. घरोघर हिंडून कणीक, तेल, गूळ गोळा व्हायचा, तीन विटांच्या चुलीवर शिरा व्हायचा. खाली लागलेला, वर कच्चा. कुत्रीसाठी केलेला तो शिरा कुत्रीला मिळायच्या आधी प्रत्येकानं चाखून बघायचा, हा अलिखित नियम. ती बिचारी गुरगुरत खायची. मग पिल्लांची वाटणी: पांढऱ्या पायाचं तुझं, काळं माझं. दहा-बारा दिवसांत डोळे उघडले की पोट्टे धीर सोडायचे आणि महिन्याच्या आत पिल्लू सदऱ्यात लपवून घरी.

ते महिन्याचं पिल्लू आणणंच घातक. सात-आठ आठवडे ते आईजवळ आणि भावंडांत राहिलं पाहिजे. चावा किती जोरात घेतला की समोरचा केकाटतो, हे ते तिथंच शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू मोठेपणी खेळताखेळता हात फोडतं. निवडताना रंग बघू नये. पिल्लांपासून चार पावलांवर एक ताट जमिनीवर टाकावं. जे दचकतही नाही त्याचे कान तपासावेत. जे कोपऱ्यात जाऊन बसतं आणि येतच नाही, ते राहू द्यावं. जे दचकतं, मागं सरतं आणि मग मान लांब करून ताट हुंगायला येतं, ते आपलं. आणल्यावर पुढचे पाच-सहा आठवडे सोन्याचे. याच वयात त्याला जे दिसतं ते त्याला आपलं वाटतं. बकरीच्या पिलांशेजारी, जाळीच्या अलीकडं झोपवलं, कोंबड्यांचा कलकलाट ऐकवला, ट्रॅक्टर सुरू असताना जवळ बसवून भाकर घातली, तर पुढं बकरी धरणार नाही आणि ट्रॅक्टरमागं धावणार नाही. ही वेळ गेल्यावर तेच शिकवायला चौपट दिवस लागतात आणि तरी कसर राहते.

नावाबद्दल फार बोलू नये, तो ज्याचा त्याचा प्रश्न. मोती, शेरू, राजा चालतंय. पण चंद्रपूरकडच्या खेड्यात कुत्र्याचं नाव 'टायगर' ठेवू नये एवढीच विनंती. संध्याकाळी सातला कोणी "टायगर आला रे" म्हणून ओरडलं की अर्धं गाव दारं लावून घेतं.

त्या पट्ट्यात खरी भीती बिबट्याची. कुत्रं हे त्याचं आवडीचं खाणं. कोठ्याबाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे राखण नव्हे, आमिष. बिबट्याला कोठ्याची वाट दाखवायला याहून सोपा उपाय नाही. ताडोबा, टिपेश्वर, बोर, मेळघाट या जंगलांच्या आसपास जिथं वावर आहे, तिथं दिवस मावळला की कुत्रं दाराच्या आत घ्यावं. भुंकणं आतूनही ऐकू येतं.

दिवसा बांधायचंच असेल तर साखळीची रीत असते. पट्टा आणि मान यांत दोन बोटं शिरली पाहिजेत. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर पंधरा दिवसांनी बघायचा. सुतळी बांधून विसरलेल्या कुत्र्यांच्या मानेत ती सुतळी रुतलेली असते, वरून केस असतात, वास आल्यावर कळतं. साखळीला दोन्ही टोकांना फिरकी हवी, नाहीतर पीळ बसून ती वीतभर उरते. त्याहून बरी म्हणजे सरकती तार. दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर जाड जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार ताणायची, तिच्यात कडी ओवायची, कडीला साखळी. साखळी एवढी लांब की कुत्र्याला आरामात आडवं पडता यावं. दोन्ही टोकांना, झाडाच्या चार हात अलीकडं, तारेला गाठ किंवा क्लॅम्प मारायचा, म्हणजे ते बुंध्याला गुंडाळलं जात नाही. तारेखाली सावली आणि पाणी दोन्ही यायला हवं. आणि तार कुंपणाजवळ, विहिरीच्या काठाशी किंवा बुटक्या भिंतीलगत कधीच नाही. कुत्रं उडी मारतं, साखळी अलीकडं राहते आणि ते पलीकडं लटकतं. सतत बांधून ठेवलेलं कुत्रं राखण करत नाही, ते फक्त चिडतं. पान हललं तरी भुंकतं आणि चार दिवसांनी त्याच्या भुंकण्यानं कोणी उठत नाही. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात नेहमी साखळीला असलेल्या कुत्र्याला न फिरवणं हा गुन्हा म्हणून वेगळा लिहिलेला आहे. कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय. कोणी वाचत नाही, तो भाग वेगळा.

मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की शिकवणी बंद. खाणं पहाटे आणि दिवस बुडाल्यावर, पाणी मातीच्या पसरट भांड्यात दिवसातून तीनदा बदलून, झोपायला ओलं पोतं. जीभ गर्द लाल, चिकट लाळ आणि चाल अडखळती दिसली तर हौदातलं साधं पाणी पोटावर, मांड्यांवर ओतायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा.

१५-१६ किलोच्या कुत्र्याला ज्वारीच्या दोन जाड भाकरी दिवसाला पोट भरायला पुरतात, अंगी लागायला नाही. नुसत्या भाकरीवरच्या कुत्र्याचे केस निस्तेज होतात, बरगड्या दिसतात. ताक, बिनतिखटाचं वरण आणि एक उकडलेलं अंडं, एवढ्यात बराच फरक पडतो. कांद्याचं कालवण नको. शिजलेली कोंबडीची हाडंही नकोत, ती काडीसारखी टोकदार फुटतात. बकरा कापला की कच्ची फुप्फुसं, काळीज कुत्र्यापुढं टाकायची सवय मोडलीच पाहिजे. त्यातल्या गाठींमधून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी शेणामातीतून आपल्या हातावर येतात आणि माणसाच्या यकृतात गाठी होतात.

फवारणीच्या दिवसांत औषध कालवलेली बादली उघडी ठेवू नका, हे माणसांनाही सांगावं लागतं, कुत्र्याचं काय. तोंडातून लाळेची धार, अंगाला थरकाप, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या की विष समजायचं आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ढोराच्या दवाखान्यात न्यायचं. डबा बघून डॉक्टरला औषध ठरवता येतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या नादात वेळ जातो आणि कधी पाणी फुप्फुसात जातं.

पावसाळ्यात कानामागं, पट्ट्याखाली जखम चिघळून अळ्या पडतात. गोचीड कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानात बसते, पाठीवर शोधून सापडत नाही. गुराला लावायचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावू नये, वजनावर माप असतं. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढं तीन महिन्यांनी. डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंच्या रोगांवरच्या लसी दीड-दोन महिन्यांपासून. जंगलालगत ही लस नुसती आपल्या कुत्र्यापुरती राहत नाही: २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांच्यात हा डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. रेबीजची लस तीन महिन्यांची, मग डॉक्टर सांगेल तसा बूस्टर, मग दरवर्षी. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरनं १८८५ मध्ये माणसाला पहिल्यांदा ती टोचली, तरी आपल्याकडं कुत्रं चावलं की अजून जखमेत मिरची भरतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. लक्षणं दिसल्यावर उपाय उरत नाही.

आता राहिला सालदार. कुत्रं सातबाऱ्यावरच्या मालकाचं असतं, पण ऐकतं सालदाराचं, कारण भाकर तो घालतो, रात्री जागलीला तोच असतो. गुढीपाडव्याला साल संपतं. नवा गडी ठरताना पैसे ठरतात, ज्वारी ठरते, कपडे ठरतात, उचल किती ते ठरतं. कुत्र्याचं कोणी काढत नाही. पाडव्यानंतर महिनाभर ते कुत्रं जुन्या गड्याच्या गावच्या वाटेवर सापडतं आणि मालक म्हणतो, बिघडलं. जुना आणि नवा आठ-दहा दिवस सोबत ठेवावे, भाकर नव्याच्या हातून जावी, हाकेचा शब्द जुन्यानं नव्याला सांगावा. सांगून पाहावं. बहुधा नवा गडी ऐकून घेतो, मान डोलावतो आणि संध्याकाळी वावरात गेल्यावर पहिलं काय करतो, तर छू म्हणून बघतो.