आमची वाटचाल: चांदणीचं तोंड मऊ झालं तेव्हापासून

२०१२ ला मी आणि दादानं पुण्याजवळच्या मांजरी गावात भाड्याच्या जागेत रायडिंग स्कूल सुरू केलं, घोडे दोनच. त्यातली चांदणी रेसमधून बाहेर पडलेली कुमैत (तांबूस-तपकिरी) थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच्या जातीची घोडी. रेसच्या घोड्याला लगाम ताणला की जोर लावून पळायचं एवढंच माहीत असतं, आणि जॉकी आखूड रिकिबीत उंच बसतो त्यामुळे पायाचा इशारा काय असतो हे त्याला कळतच नाही. तिच्यावर आम्ही शिकाऊ मुलं बसवली, दिवसाला सहा-सात. मुलं तोल सांभाळायला लगामाला लटकायची, चांदणी अजून ओढायची, वर्षभरात तिचं तोंड दगडासारखं झालं, म्हणजे लगामाचा हलका इशारा तिला कळेनासाच झाला. बऱ्याच जणांनी सांगितलं कडक बिट (लगामाची तोंडात बसणारी धातूची दांडी) घाला, आम्ही घातलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर दाढांच्या कडा सुरीसारख्या आणि गालाला आतून जखमा. घोड्याचे दात वर येत राहतात, कडा घासून घ्याव्या लागतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दात घासले, स्नॅफल नावाचं साधं, सौम्य बिट घातलं. पण खरा बदल झाला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. स्कूल बंद, उत्पन्न शून्य, चारा-खुराक चालूच, तेव्हा मी रोज वीस मिनिटं फक्त चांदणीबरोबर काम केलं.

सुरुवात उभ्या उभ्या. एक लगाम बोटांत धरायचा, ओढायचा नाही, नुसता धरून ठेवायचा आणि तिनं जबडा सैल करून मान जराशी वळवली की बोटं उघडायची, त्याच क्षणी. दोन सेकंद उशीर झाला तर कशाबद्दल सोडलं ते तिला समजत नाही. घोडा दाबानं शिकत नाही हो, दाब सुटला की शिकतो. वर बसल्यावर पोटरीच्या इशाऱ्याचंही तसंच, हलका स्पर्श, नाही ऐकलं तर पायामागे चाबकाचा टिचका, पाऊल पडलं की पाय शांत. पहिले दहा-बारा दिवस काहीच नाही. मग एका सकाळी ती बिट चघळायला लागली, ओठांवर फेस आला, मान खाली सोडून मोठा श्वास टाकला. मामा (आमचे मोतद्दार, घोड्यांची देखभाल करणारे) कुंपणाशी उभे होते, म्हणाले, "ताई, घोडी हाताला आली."

पुन्हा सुरू केलं तेव्हा ठरवलं की नवीन मुलाच्या हातात पहिले दहा लेसन लगाम द्यायचाच नाही. लंजच्या दोरीवर (मधे उभा असलेला शिक्षक धरतो ती लांब दोरी) गोल फिरायचं, दुडकीत बसायला शिकायचं, तोल आला की मग लगाम. एका घोड्यावर दिवसाला दोनच मुलं, त्यामुळे फी वाढवली, काही पालक सोडून गेले. दोन वर्षं ओढाताण झाली, पण बाहेरचे लोक आपले घोडे आमच्याकडे स्कूलिंगला, म्हणजे शिकवायला, पाठवायला लागले ते त्यानंतरच.

सध्या असे तीन आहेत. एक सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेला मारवाडी, काटेरी लगामावर वाढलेला. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६५ च्या सरकारी नियमांनी असल्या लगामाला बंदी आहे तरी लोक वापरतात. त्याच्या जिभेवर वण आहेत, कानाजवळ हात नेला तरी डोकं वर फेकतो. त्याच्या तोंडात आम्ही काहीच घालत नाही, नुसत्या मोरकीवर चालवतो. मालकांना सांगून टाकलंय, दिवाळीपर्यंत बिटचं नाव काढायचं नाही.